सूर्य बदलला की उपकरण? ईयूव्ही कॅलिब्रेशन शिकताना

नासाचा एसडीओ, म्हणजे सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी हा उपग्रह, ११ फेब्रुवारी २०१० रोजी उडाला. त्यावरच्या एआयए दुर्बिणींनी टिपलेली ३०.४ नॅनोमीटरची चित्रं पहिल्या दोन-तीन वर्षांतली घ्या आणि कुठलीही दुरुस्ती न करता ओळीने लावून पाहा. चित्रं मंद मंद होत गेलेली दिसतात. त्याच काळात सूर्यावरचे डाग मात्र वाढत होते. डिसेंबर २००८ मध्ये सुरू झालेलं २४ वं सौरचक्र चढणीला लागलं होतं, तेव्हा चित्रं खरं तर उजळायला हवी होती.

मग बदललं कोण? सूर्य, की त्याच्याकडे पाहणारं उपकरण?

कॅलिब्रेशन म्हणजे उपकरणाचं माप खात्रीच्या प्रमाणाशी ताडणं. ईयूव्ही, म्हणजे अतितीव्र अतिनील किरणांच्या बाबतीत ते म्हणजे हा एकच प्रश्न चिकाटीने विचारत राहणं. एम.एस्सी.ला किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला सौर भौतिकीकडे वळलेल्या, पायथन थोडंफार येणाऱ्या आणि या डेटाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उपकरण स्वतः बांधायची वेळ तुमच्यावर बहुतेक येणार नाही. पण त्याचा आकडा वापरायचा असेल, तर तो कुठून आला हे माहीत असायलाच हवं.

आधी मैदान ओळखून घ्या

अतितीव्र अतिनील किरणं, म्हणजे ईयूव्ही, साधारण १० ते १२१ नॅनोमीटरच्या पट्ट्यात येतात. सूर्याकडून पृथ्वीजवळ प्रत्येक चौरस मीटरवर एकूण सुमारे १३६१ वॅट ऊर्जा येते. तीत ईयूव्हीचा वाटा काही मिलिवॅटचा, म्हणजे लाखात एक भागही नाही. तरीही पृथ्वीच्या वरच्या वातावरणाचं तापमान प्रामुख्याने हीच किरणं ठरवतात. आयनांबर, म्हणजे वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर, तीच घडवतात. सौरचक्राच्या चढउतारात एकूण सूर्यप्रकाश जेमतेम ०.१ टक्का बदलतो, तर ईयूव्ही काही तरंगलांबींवर दुपटीहून जास्त बदलतं. ईयूव्ही वाढलं की वरचं वातावरण तापून फुगतं आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना होणारं घर्षण वाढतं. स्कायलॅब ११ जुलै १९७९ रोजी अपेक्षेपेक्षा लवकर कोसळली, त्यामागे हेच कारण होतं. सूर्य अंदाजापेक्षा जास्त सक्रिय निघाला होता.

ही सगळी किरणं वातावरणात शंभर किलोमीटरच्या वरच शोषली जातात. त्यामुळे जमिनीवर दुर्बीण लावून उपग्रहाचा आकडा पडताळता येत नाही. दृश्य प्रकाशात काम करणारे एखाद्या प्रमाणित ताऱ्याकडे दुर्बीण वळवून आपलं उपकरण तपासतात. ईयूव्हीमध्ये तशी सोय जवळजवळ नाही. आंतरतारकीय हायड्रोजन यातली बरीच किरणं वाटेतच गिळतो आणि सूर्यासाठी बनवलेली उपकरणं ताऱ्यांचा क्षीण प्रकाश पकडण्याइतकी संवेदनशील नसतात. ज्याचं मोजमाप करायचं तो सूर्य स्वतःच बदलता, आणि दुसरा स्थिर संदर्भ हाताशी नाही. या कामातली खरी अडचण ती हीच.

पायरी १: साखळी कागदावर मांडा

संगणक उघडण्याआधी कागद घ्या. सूर्यावरून निघालेला एक फोटॉन फाइलमधल्या आकड्यापर्यंत कसा पोहोचतो, ते क्रमाने लिहा. आधी पुढची गाळणी, मग आरसा किंवा ग्रेटिंग (प्रकाश तरंगलांबीनुसार सुटा करणारी रेघांची पट्टी), कदाचित आणखी एक गाळणी, मग सीसीडी (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) किंवा फोटोडायोड, शेवटी इलेक्ट्रॉनिक्स. प्रत्येक टप्प्यावर किती टक्के टिकतं ते गुणत जायचं. दुर्बिणीचं क्षेत्रफळ गुणिले गाळणीची पारगम्यता, गुणिले आरशांची परावर्तकता, गुणिले डिटेक्टरची कार्यक्षमता, असा जो गुणाकार येतो त्याला इफेक्टिव्ह एरिया म्हणतात. कॅलिब्रेशनच्या बैठकांमध्ये सगळ्यात जास्त कानावर पडणारा शब्द हाच. तो प्रत्येक तरंगलांबीला वेगळा असतो आणि काळाबरोबर बदलतो.

गाळणी हा या साखळीतला नाजूक मणी. सूर्याचा दृश्य प्रकाश ईयूव्हीच्या लाखो पट जास्त आहे, तो आधी अडवावाच लागतो. ईयूव्ही मात्र कुठल्याही जाड काचेतून पार होत नाही. म्हणून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा धातूचा पापुद्रा बारीक जाळीवर ताणून बसवतात. ॲल्युमिनियम साधारण १७ ते ८० नॅनोमीटर जाऊ देतं, झिर्कोनियम त्याहून आखूड तरंगलांबी. एआयए ठरावीक तरंगलांबींच्या वेगवेगळ्या वाहिन्यांमधून चित्रं घेते. त्यातल्या ९.४ आणि १३.१ नॅनोमीटरच्या वाहिन्यांना झिर्कोनियमची पुढची गाळणी आहे, बाकीच्या ईयूव्ही वाहिन्यांना ॲल्युमिनियमची. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता एक हिशोब स्वतः करून पाहा. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये हवी असेल, तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. १७.१ नॅनोमीटरसाठी उत्तर येतं सुमारे ७२.५. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सरासरी ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे एका फोटॉनमागे जवळपास २० इलेक्ट्रॉन. कॅमेरा इलेक्ट्रॉन मोजून फाइलमध्ये अंक लिहितो. १८ इलेक्ट्रॉनांना एक अंक असा गेन धरला, तर एक फोटॉन फाइलमध्ये सुमारे १.१ अंक म्हणून उमटतो. हाच हिशोब ३०.४ साठी केला की ११ इलेक्ट्रॉन येतात, म्हणजे अंक सुमारे ०.६. पिक्सेलमधले १०० अंक म्हणजे १०० फोटॉन नव्हेत. आणि त्यातला नैसर्गिक गोंधळ (नॉइज) किती ते काढायचं तर वर्गमूळ फोटॉनांच्या संख्येचं घ्यायचं, अंकांचं नव्हे. नव्या मुलांच्या त्रुटीपट्ट्या हमखास इथेच चुकतात.

पायरी २: प्रयोगशाळेतलं मूळ माप समजून घ्या

किराणा दुकानातल्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. तो शिक्का देणारं वजन त्याहून वरच्या प्रमाण वजनाशी ताडलेलं असतं. ईयूव्ही उपकरणाचीही अशीच वंशावळ लागते आणि ती बहुतेक वेळा एखाद्या इलेक्ट्रॉन साठवणाऱ्या कड्यापाशी जाऊन थांबते.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गला एनआयएसटी या मापनसंस्थेचं सर्फ-३ नावाचं सिंक्रोट्रॉन आहे. जवळपास प्रकाशाच्या वेगाने वर्तुळात फिरणारे इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतात. कड्यात इलेक्ट्रॉन किती आहेत, त्यांची ऊर्जा किती आणि चुंबकीय क्षेत्र किती, एवढं कळलं की प्रत्येक तरंगलांबीवर किती प्रकाश बाहेर पडेल ते थेट समीकरणातून निघतं. हे सूत्र ज्युलियन श्विंगर यांनी मांडलं. दिव्याचं प्रमाणपत्र मागायची गरजच उरत नाही, दिवा स्वतःच प्रमाण ठरतो. एसडीओवरचं ईव्हीई हे अख्ख्या सूर्याच्या ईयूव्हीचा वर्णपट मोजणारं उपकरण कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डरमधल्या लास्प प्रयोगशाळेने बांधलं आणि त्याचं मूळ माप सर्फवर घेतलं.

युरोपात हेच काम जर्मनीची पीटीबी ही मापनसंस्था बर्लिनमध्ये करते, बेसी-२ आणि मेट्रोलॉजी लाइट सोर्स या कड्यांवर. १९९५ च्या डिसेंबरमध्ये उडालेल्या सोहो यानावरच्या सीडीएस आणि सुमर या वर्णपटमापकांच्या वेळी वेगळी युक्ती वापरली होती. अख्खं उपकरण कड्यापाशी न नेता, पोकळ कॅथोडचा एक फिरता दिवा बर्लिनच्या कड्याशी ताडला आणि तो दिवा उपकरणापाशी नेला. वंशावळीत एक पिढी वाढली, तेवढी अनिश्चितताही वाढली.

कड्यावरचं मोजमाप वाचताना दोन गोष्टी शोधा. पहिली, ग्रेटिंगची दुय्यम पातळी. १५ नॅनोमीटरचा प्रकाश दुसऱ्या पातळीत ३० नॅनोमीटरच्या जागी येऊन पडतो आणि तुम्ही तो ३० चाच समजून बसता. यावरचा उपाय मला फार आवडतो. कड्यातल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा पायरीपायरीने कमी करत जायचं, म्हणजे आखूड तरंगलांबीचा प्रकाश झपाट्याने कमी होतो आणि लांब तरंगलांबीचा तुलनेने टिकून राहतो. प्रत्येक ऊर्जेला मिळालेले आकडे एकत्र सोडवले की कुठल्या पातळीचा किती वाटा आहे ते सुटं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे कोन. कड्यातून येणारा झोत अरुंद आणि ध्रुवीकृत असतो, तर सूर्य अर्ध्या अंशाची थाळी. म्हणून उपकरण झोतापुढे डावीकडे-उजवीकडे, वर-खाली कलवून संवेदनशीलतेचा नकाशा बनवतात आणि काही मोजमापं उपकरण नव्वद अंश फिरवून पुन्हा घेतात. अहवालात हा नकाशा नसेल, तर पुढच्या आकड्यांकडे जरा जपून पाहा.

पायरी ३: कार्बनचा थर कुठे बसतो ते शिका

प्रयोगशाळेतून निघालेलं उपकरण आणि अवकाशात काम करणारं उपकरण एकच राहत नाही, याचं मुख्य कारण मळ. उपकरणातला गोंद, तारांची आवरणं, रंग आणि इन्सुलेशन यांतून निर्वातात सेंद्रिय वाफा निघतात. त्या गाळणीवर, आरशावर आणि सगळ्यात थंड जागी, म्हणजे सीसीडीवर, जाऊन बसतात. सीसीडी उणे साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या घरात ठेवलेला असतो, त्यामुळे वाफांना तो आयताच सापडतो. नुसता थर बसला असता तर तापवून उडवता आला असता. पण ईयूव्ही फोटॉन त्या रेणूंचे बंध तोडतात आणि कार्बनचा घट्ट लेप तयार होतो. जी किरणं मोजायची तीच उपकरणाला काजळी धरायला लावतात. ॲल्युमिनियमच्या गाळणीवर पाण्याची वाफ लागली तर ऑक्साइडचा थरही चढतो.

म्हणून उड्डाणाच्या आदल्या दिवसांपर्यंत उपकरणातून कोरडा नायट्रोजन फिरवत ठेवतात. उड्डाणानंतरही झाकणं लगेच उघडत नाहीत, यान आधी वाफा टाकून मोकळं होऊ देतात. एसडीओ फेब्रुवारीत उडालं, पण एआयएची पहिली चित्रं मार्चअखेरीस आली. पुढेही अधूनमधून सीसीडी तापवून साचलेलं उडवण्याचा प्रयत्न होतो, त्याला बेकआउट म्हणतात. अशा तारखांची यादी उपकरणाच्या नोंदींत मिळते. ती छापून टेबलावर ठेवा. आलेखात अचानक पायरी दिसली, की आधी ही यादी पाहायची आणि मग सूर्याकडे वळायचं.

कार्बनचा लेप सगळ्या तरंगलांबींना सारखा आडवा येत नाही. १७ नॅनोमीटरपेक्षा ३० नॅनोमीटरचा प्रकाश तो जास्त खातो. एआयएच्या १७.१ च्या वाहिनीची घसरण तुलनेने सौम्य आणि ३०.४ ची जोरदार, ती याच कारणाने. बेल्जियमच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने बनलेलं लायरा हे सूर्याची अतिनील किरणं मोजणारं उपकरण नोव्हेंबर २००९ मध्ये प्रोबा-२ उपग्रहावरून गेलं, त्यातही हेच दिसलं. लांब तरंगलांबीच्या वाहिन्यांची संवेदनशीलता काही महिन्यांत ढासळली आणि झिर्कोनियमची वाहिनी बरीच टिकून राहिली. तुमच्या डेटात सगळ्या वाहिन्या सारख्याच टक्क्यांनी घसरत असतील, तर कारण कार्बन नसण्याची शक्यता मोठी. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स किंवा हिशोबातली चूक शोधा.

पायरी ४: यानावरची रोजची तपासणी

हा भाग लवकर आटोपतो. झाकण किंवा शटर बंद ठेवून अंधारातलं मोजमाप घ्यायचं, ते वजा करायचं. ईव्हीईच्या सीसीडींवर एलईडी बसवले आहेत, त्यांचा प्रकाश पाडून पिक्सेलपिक्सेलमधला फरक पाहतात. दर काही महिन्यांनी अख्खं यान सूर्यापासून थोडं बाजूला वळवून, क्रॉसच्या आकारात फिरवून, जमिनीवर केलेला कोनांचा नकाशा अजून लागू आहे का ते तपासतात.

यात राखीव वाहिनीची कल्पना मात्र मोलाची आहे. लायरामध्ये जवळपास सारखे तीन संच आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र झाकण. एक संच रोज सूर्याकडे पाहतो, बाकीचे क्वचित. जो क्वचित उघडतो त्याच्यावर काजळी कमी धरते, म्हणून रोजच्या संचाला त्याच्याशी ताडून पाहता येतं. ईव्हीईच्या लांब तरंगलांबीच्या भागाची घसरण अपेक्षेपेक्षा वेगाने व्हायला लागली, तेव्हा तो भाग दिवसभर उघडा ठेवणंच थांबवलं. दिवसाला तीन तास आणि एरवी तासाला पाच मिनिटं, असा रतीब लावून दिला. म्हणून त्या डेटात भोकं दिसली तर फाइल बिघडली असं समजू नका. ती भोकं जाणूनबुजून ठेवलेली आहेत.

पायरी ५: रॉकेट, पाच मिनिटांसाठी

यानावर कितीही राखीव वाहिन्या ठेवल्या तरी त्या यानाबरोबरच म्हाताऱ्या होतात. बाहेरून, ताज्या मापाचा साक्षीदार हवाच. तो साउंडिंग रॉकेटवरून, म्हणजे काही मिनिटांसाठी वर जाऊन परत येणाऱ्या छोट्या रॉकेटवरून येतो, आणि या सगळ्या कामातला हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स तळावरून दोन टप्प्यांचं ब्लॅक ब्रँट रॉकेट उडतं. त्याच्या डोक्यात ईव्हीईचं जवळजवळ जुळं भावंड असतं. एसडीओसाठीचं असं पहिलं उड्डाण ३ मे २०१० ला झालं आणि त्यानंतर साधारण वर्षा-दोन वर्षांनी ती होत राहिली. रॉकेट २८०-३०० किलोमीटरपर्यंत चढतं, सूर्याकडे रोखून जेमतेम पाच मिनिटं मोजमाप घेतं आणि खाली येतं. पेलोड पॅराशूटने वाळवंटात उतरतो, तिथून तो उचलून आणतात. त्याच पाच मिनिटांत कक्षेतलं ईव्हीईसुद्धा तोच सूर्य पाहत असतं. दोघांच्या आकड्यांचं गुणोत्तर काढलं की कक्षेतल्या उपकरणाने किती संवेदनशीलता गमावली ते कळतं.

खरी मेख उड्डाणाच्या मागे-पुढे आहे. रॉकेटवरचं उपकरण उडण्याआधी सर्फवर ताडतात, आणि परत आल्यावर पुन्हा सर्फवर नेतात. दोन्ही मापं जुळली तर उड्डाणातला आकडा विश्वासाचा. जुळली नाहीत तर फरक अनिश्चिततेत धरायचा. उपग्रह परत आणून असं विचारता येत नाही, रॉकेटला येतं.

नवशिक्यांनी इथे तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं. एक, २९० किलोमीटरवरही वातावरण पूर्ण संपलेलं नसतं. उरलेला ऑक्सिजन आणि नायट्रोजन काही तरंगलांबींवर दखल घेण्याइतका प्रकाश शोषतात. त्यासाठी वातावरणाच्या मॉडेलमधून दुरुस्ती करतात. मॉडेल बरोबर आहे का हे पाहायची सोय उड्डाणातच असते. रॉकेट चढताना-उतरताना संकेत उंचीनुसार कसा बदलतो ते आखा. दुरुस्तीनंतर तो वक्र सपाट व्हायला हवा. सपाट नसेल तर मॉडेलची घनता चुकली आहे.

दोन, त्या पाच मिनिटांत सौरज्वाळा झाली तर दोन्ही उपकरणांच्या वेळा सेकंदापर्यंत जुळवाव्या लागतात.

तीन, दोन उड्डाणांच्या मधला काळ. वर्षातून एखादा बिंदू मिळतो, आणि मधली रेषा आपणच काढतो. घसरण सुरुवातीला वेगाने आणि पुढे मंद होत जाते, म्हणून सरळ रेषेपेक्षा घातांकी वक्र बहुधा बरा बसतो. पण तो वक्र ही आपली निवड आहे, मोजमाप नव्हे, आणि आलेखात ते दिसलं पाहिजे. उड्डाणांचे बिंदू ठळक दाखवा, मधला वक्र फिका.

२६ मे २०१४ रोजी ईव्हीईचा मेग्स-ए हा भाग बंद पडला. ५ ते ३७ नॅनोमीटरचा रोजचा वर्णपट त्या दिवसापासून थांबला. एआयएच्या सगळ्या ईयूव्ही वाहिन्या नेमक्या याच पट्ट्यात असल्यामुळे त्यांना रोज ताडून पाहायचा आधार गेला. रॉकेटवरचं जुळं भावंड मात्र पुढेही उडत राहिलं. म्हणून २०१४ नंतरची एआयए दुरुस्ती २०१० ते २०१४ च्या दुरुस्तीइतकी घट्ट मानू नका.

पायरी ६: इतर साक्षीदार, जपून

रॉकेट नसताना लोक १०.७ सेंटिमीटरच्या रेडिओ प्रवाहाचा आधार घेतात. तो कॅनडात दशकानुदशकं जमिनीवरून मोजला जातो आणि ईयूव्हीबरोबर बऱ्यापैकी वर-खाली होतो. मॅग्नेशियमच्या रेषेवरून काढलेला निर्देशांकही तसाच उपयोगी. अमेरिकेच्या गोज या हवामान उपग्रह मालिकेतल्या नव्या उपग्रहांवरच्या ईयूव्ही मापकांशीही तुलना करता येते.

माझं मत इथे ठाम आहे. रेडिओ प्रवाहावरून दुरुस्त केलेला ईयूव्ही डेटा घेऊन "ईयूव्ही आणि रेडिओ प्रवाहाचं नातं किती घट्ट" असा शोधनिबंध लिहिणं म्हणजे आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधून काढणं. दुरुस्तीत काय वापरलं ते आधी वाचा, मग प्रश्न निवडा.

पायरी ७: घरी बसून स्वतः करून पाहा

आता संगणक उघडा. एआयएच्या फाइल्स स्टॅनफर्डच्या डेटाकेंद्रातून मोफत मिळतात. सनपाय आणि एआयएपाय या पायथन लायब्ररी मोफत आहेत. मे २०१० पासून दर महिन्याची एक, ३०.४ आणि १७.१ या दोन वाहिन्यांची, अशी चित्रं घ्या. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास एसडीओ काही आठवडे रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातं. त्या वेळची चित्रं टाळा, कारण सूर्य पृथ्वीच्या कडेला टेकतो तेव्हा वातावरणच ईयूव्ही खातं.

क्रम असा ठेवा. पहिल्या स्तराच्या (लेव्हल १) फाइलमध्ये आधी दुर्बिणीच्या रोखाची माहिती अद्ययावत करा. मग चित्र फिरवून आणि मापात बसवून घ्या, म्हणजे प्रत्येक पिक्सेल ०.६ कोनसेकंदाचा होतो. नंतर एक्स्पोजरच्या सेकंदांनी भागा. ही पायरी सोडू नका, कारण सौरज्वाळेच्या वेळी कॅमेरा एक्स्पोजर आपोआप कमी करतो. भागलं नाही तर ज्वाळा पेटताना सूर्य मंदावल्यासारखा दिसेल. शेवटी त्या तारखेच्या घसरणीच्या गुणकाने दुरुस्ती करा.

मग थाळीच्या मधोमध, सक्रिय प्रदेश टाळून, शांत सूर्याचा एक चौकोन घ्या आणि त्यातल्या पिक्सेलांचा मध्यक काढा. सरासरी नको, एखादा तेजस्वी ठिपका तिला ओढून नेतो. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आलेख एकावर एक आखा. आधीच्या आलेखात ३०.४ ची घसरण ठळक दिसेल, १७.१ ची सौम्य. दुरुस्तीनंतर दोन्ही बरेच सपाट व्हायला हवेत. पूर्ण सपाट होणार नाहीत, कारण शांत सूर्यही सौरचक्राबरोबर थोडा बदलतो. २०१९ च्या डिसेंबरमध्ये दोन चक्रांच्या मधला तळ होता, त्या सुमाराच्या चित्रांची मे २०१० च्या चित्रांशी तुलना केली तर डोळ्यांना बरंच काही कळतं.

अंतराचा घोळ इथे हमखास होतो. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैत सर्वांत दूर. ईव्हीईसारखं उपकरण अख्ख्या सूर्याचा प्रकाश एकत्र मोजतं, म्हणून जानेवारीचा आकडा जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त येतो. सूर्याने त्यात काही केलेलं नसतं. एआयएच्या एकेका पिक्सेलचा उजेड मात्र अंतराने बदलत नाही, थाळीचा आकार बदलतो. म्हणजे चौकोनाच्या मध्यकाला अंतराची दुरुस्ती लावायची नाही, आणि अख्ख्या थाळीची बेरीज केली तर लावायची. ईव्हीईची फाइल घेताना आकडे एका खगोलीय एककाच्या अंतराला आणलेले आहेत की नाहीत ते माहितीपत्रकात वाचा. दुरुस्ती दोनदा लागली, की आलेखात दरवर्षी एक खोटी लाट उठते.

पायरी ८: अनिश्चितता मोकळेपणाने लिहा

समजा प्रयोगशाळेतल्या मापाची अनिश्चितता ५ टक्के, रॉकेटच्या वातावरण दुरुस्तीची ५, आणि दोन उड्डाणांमधल्या वक्राची ८. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका वर्गांच्या बेरजेने मिळवतात. २५ अधिक २५ अधिक ६४ म्हणजे ११४, त्याचं वर्गमूळ सुमारे १०.७ टक्के. हजार फाइलींची सरासरी घेतली तरी हा आकडा कमी होत नाही. सरासरीने फोटॉनांचा गोंधळ मिटतो, सगळ्या फाइलींना एकसारखी लागलेली चूक तशीच राहते. दोन वर्षांत ६ टक्के वाढ सापडली आणि अनिश्चितता ११ टक्के असेल, तर ती वाढ सूर्याच्या नावावर लावायची घाई करू नका.

मात्र याला दुसरी बाजू आहे. एकाच दिवसातल्या ज्वाळेचा चढउतार पाहायचा असेल, तर ही दीर्घकालीन चूक दोन्ही टोकांना सारखीच असते आणि गुणोत्तरात निघून जाते. तिथे २ टक्क्यांचा बदलही खरा मानता येतो. म्हणून आधी प्रश्न ठरवा, त्यातून अनिश्चिततेचा कुठला भाग लागू होतो ते ठरेल.

आपल्याकडचं काम

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना हे कौशल्य घराजवळही उपयोगी पडतं. २ सप्टेंबर २०२३ रोजी उडालेल्या आदित्य-एल१ वरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली बनली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये पाहते, म्हणजे ते ईयूव्ही नव्हे, जवळचं अतिनील आहे. गाळण्या वेगळ्या, आरसे वेगळे. पण सेंद्रिय वाफांची धास्ती, अंधाराची मापं, पिक्सेलांमधला फरक आणि काळानुसार होणारी घसरण हे प्रश्न तिथेही आहेत. नवी मुंबईत पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिथे आयनांबराचा अभ्यास होतो आणि त्या आयनांबराला चालवणारी ऊर्जा मुख्यतः याच ईयूव्हीतून येते. दोन्हीपैकी कुठेही जायचा विचार असेल, तर सातव्या पायरीतला आलेख स्वतः काढून बरोबर न्या. त्यावर अर्धा तास सहज बोलता येईल.

शेवटची सूचना वहीसाठी. दुरुस्तीचे गुणक पुन्हा पुन्हा सुधारले जातात. नवं रॉकेट उडालं की जुन्या वर्षांचे आकडेही सरकतात. म्हणून प्रत्येक आलेखाखाली डेटाची आवृत्ती, कॅलिब्रेशन तक्त्याची आवृत्ती, लायब्ररीची आवृत्ती आणि फाइल उतरवून घेतल्याची तारीख लिहा. मूळ फाइल न बदलता वेगळी ठेवा. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी आकडा का बदलला असं विचारलं, तर या चार ओळींतून उत्तर देता येईल.